कागद कोणाच्या दप्तरातला? राष्ट्रसंघाचे दस्तऐवज पहिल्यांदा शोधणाऱ्यांसाठी

डिसेंबर १९१८मध्ये दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांना प्रतिनिधी नेमलं. टिळक तेव्हा व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. पॅरिसला जायचा पासपोर्ट त्यांना मिळाला नाही, म्हणून मार्च १९१९मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना भारताची बाजू मांडणारं पत्र पाठवलं. हे पत्र शोधायला मी पहिल्यांदा राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) जिनिव्हातल्या संग्रहात शिरलो आणि दोन दिवस फुकट घालवले.

माझी चूक साधी होती. मार्च १९१९मध्ये राष्ट्रसंघ नव्हताच. त्याचं सचिवालय नव्हतं, आवक-जावक नव्हती, टपाल घेणारा कारकून नव्हता. पत्र गेलं परिषदेच्या अध्यक्षाला, म्हणजे ते शोधायचं फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याच्या कागदांत, किंवा पासपोर्ट नाकारणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या कागदांत. विषय 'शांतता' आणि संस्था 'राष्ट्रसंघ' एवढं जुळलं म्हणून मी तिकडे धावलो. पेशवे दप्तरात बसलेला माणूस ही चूक करत नाही. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडण्याआधी तो विचारतो, हा रुमाल कोणत्या फडाचा, म्हणजे कोणत्या कचेरीचा? पुढची सगळी वाट याच प्रश्नावर आहे, म्हणून आधी तो सोडवू.

पायरी १: चार दारं वेगळी ओळखा

नावांचा घोळ आधी मिटवा. 'राष्ट्रसंघ' म्हणजे लीग ऑफ नेशन्स. तिचा करारनामा, म्हणजे तिची घटना, १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला आणि एप्रिल १९४६मध्ये संस्था विसर्जित झाली. तिच्या जागी आली ती संयुक्त राष्ट्रं. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत आणि काही पुस्तकांत दोन्हींना राष्ट्रसंघच म्हटलेलं सापडतं, तेव्हा तारीख पाहून ठरवा.

हेगचं दार आणखी फसवं. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलच्या बंदरात बोटीतून उडी मारली, त्यावरून ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात वाद झाला आणि त्याचा निवाडा २४ फेब्रुवारी १९११ रोजी हेगला झाला. तो दिला स्थायी लवाद न्यायालयाच्या व्यवस्थेखाली नेमलेल्या पाच लवादांनी. ही व्यवस्था १८९९च्या हेग शांतता परिषदेतून निघाली. राष्ट्रसंघाच्या काळातलं आंतरराष्ट्रीय न्यायालय हेगलाच, पण १९२२मध्ये सुरू झालं. आजचं न्यायालय तिसरं. तिन्ही एका गावात आणि एकाच इमारतीत नांदली, तरी दप्तरं वेगळी. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचंही (आयएलओ) तसंच: ती राष्ट्रसंघाबरोबरच जन्मली, तिचीही कचेरी जिनिव्हाला, पण तिचं दप्तर स्वतंत्र आहे. १९१९च्या वॉशिंग्टन परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. त्यांचा माग मजूर संघटनेच्या परिषदांच्या कामकाजातच लागेल.

स्थापनेबद्दल वाचायचं असेल तर काळाचे दोन तुकडे करा. जानेवारी ते एप्रिल १९१९ हा वाटाघाटींचा काळ. त्याचे कागद त्या त्या देशांच्या आणि माणसांच्या दप्तरांत विखुरलेले आहेत. २८ एप्रिल १९१९ रोजी परिषदेने करारनामा मंजूर केला आणि सर एरिक ड्रमंड यांना पहिले महासचिव नेमलं. इथून पुढे सचिवालयाचं स्वतःचं दप्तर सुरू होतं, आधी लंडनमध्ये आणि १९२०च्या अखेरीपासून जिनिव्हात.

पायरी २: आधी छापील, मग हस्तलिखित

नवख्या माणसाला मूळ कागद हातात घ्यायची घाई असते. मलाही होती. पण राजनयातला बराच भाग त्या वेळीच छापला गेला आहे, आणि तो न वाचता नस्ती (फाइल) उघडली तर कोण कोणाला काय म्हणतोय ते कळतच नाही.

पॅरिसच्या परिषदेसाठी सगळ्यात सोयीचा संग्रह अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा: १९१९च्या शांतता परिषदेवरचे १३ खंड, जालावर फुकट. जाहीर बैठकांची इतिवृत्तं तिसऱ्या खंडात आहेत. करारनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाचं कामकाज मात्र डेव्हिड हंटर मिलर या अमेरिकी कायदेतज्ज्ञाने १९२८मध्ये दोन खंडांत छापलं. मिलर स्वतः त्या खोलीत होता. ब्रिटनचे सेसिल हर्स्ट यांच्याबरोबर त्याने तयार केलेला मसुदाच आयोगापुढे चर्चेला होता. त्याचे खंड अनमोल आहेत, पण निवड त्याची आहे, हे विसरू नका. छापील पुस्तकालाही दप्तराचा मालक असतोच.

१९२० नंतरच्या काळासाठी दोन छापील आधार पुरतात. एक म्हणजे राष्ट्रसंघाचं अधिकृत नियतकालिक, ज्यात कौन्सिलच्या, म्हणजे मोजक्या राष्ट्रांच्या कार्यकारी मंडळाच्या बैठका आहेत. दुसरी तहांची मालिका. करारनाम्याच्या १८व्या कलमाने सदस्य राष्ट्रांना प्रत्येक तह सचिवालयात नोंदवायला लावला, कारण गुप्त तहांनी महायुद्ध ओढवलं अशी तेव्हाची समजूत होती. त्यातून २०५ खंड झाले. तहाची तारीख माहीत असेल तर मजकूर पाच मिनिटांत मिळतो.

पायरी ३: प्रश्न इतका लहान करा की तो एका पेटीत मावेल

'भारत आणि राष्ट्रसंघ' हा प्रश्न नाही, ते कपाट आहे. 'मुंबई बंदरातल्या प्लेगची खबर सिंगापूरला कशी जायची?' हा प्रश्न आहे. राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने १९२५मध्ये सिंगापूरला पूर्वेकडची कचेरी उघडली. आशियातल्या बंदरांतून साथीच्या रोगांच्या तारा तिथे यायच्या आणि तिथून साऱ्या बंदरांना इशारे जायचे. असा प्रश्न घेतला की विभाग ठरतो, वर्षं ठरतात, शोधायचे शब्द ठरतात.

शब्दांबद्दल एक सूचना. आपल्या डोक्यातला आजचा शब्द सूचीत असेलच असं नाही. मुंबई, पुणे, म्यानमार, थायलंड, इराण ही नावं तेव्हाच्या इंग्रजी किंवा फ्रेंच रूपात टाकून बघा: बॉम्बे, पूना, बर्मा, सियाम, पर्शिया. भारतासाठी फ्रेंच 'अँद'ही टाका. नस्तीला शीर्षक दिलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने, आणि त्याने समोरच्या पत्रातला शब्द उचलला.

पायरी ४: जिनिव्हाची आवक-जावक समजून घ्या

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

राष्ट्रसंघाचा संग्रह जिनिव्हातल्या पॅले दे नास्यों या इमारतीत, संयुक्त राष्ट्रांच्या ग्रंथालयाकडे आहे. (ते ग्रंथालय जॉन रॉकफेलर धाकटे यांनी १९२७मध्ये दिलेल्या २० लाख डॉलर्सच्या देणगीतून उभं राहिलं. अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य कधीच झाली नाही, पण ग्रंथालयाचा पैसा अमेरिकेतून आला.) युनेस्कोने २००९मध्ये या संग्रहाला जागतिक स्मृती नोंदवहीत घेतलं. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत त्याचं डिजिटल रूपांतर झालं, सुमारे दीड कोटी पानांचं. आज ते कागद घरबसल्या उघडता येतात.

दीड कोटी पानांत शोधखिडकीवर विसंबणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्यापेक्षा त्या कचेरीचा कारभार समजून घ्या. आलेलं प्रत्येक पत्र आधी मध्यवर्ती नोंदणी शाखेत जायचं. तिथे त्याला क्रमांक पडायचा, विषयाची नस्ती ठरायची, मग ती नस्ती संबंधित अधिकाऱ्यांकडे फिरायची. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत टेबलाटेबलावर फिरणारी लाल फितीची नस्ती पाहिली असेल तर हे नवीन नाही.

नोंदणी शाखेच्या नस्त्यांचे तीन कालखंड आहेत: १९१९ ते १९२७, १९२८ ते १९३२ आणि १९३३पासून शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी वर्गीकरण बदललं. मँडेट प्रदेशांचे, म्हणजे जर्मनी आणि तुर्कस्तानकडून काढून घेतलेल्या मुलुखांचे कागद पहिल्या कालखंडात १ या वर्गात आहेत, तर १९२८ नंतर ६-ए मध्ये. त्यामुळे एखादा विषय १९२७पाशी अचानक आटला, तर प्रकरण संपलं असं समजू नका. ते पुढच्या कालखंडात नव्या क्रमांकाने चालू असतं. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने 'यानंतर राष्ट्रसंघाने या प्रश्नात लक्ष घातलं नाही' असं वाक्य प्रबंधात लिहून ठेवलं होतं, ते अगदी शेवटच्या आठवड्यात खोडावं लागलं.

पहिल्या कालखंडातला क्रमांक तीन तुकड्यांचा असतो: वर्ग, मग कागदाचा क्रमांक, मग नस्तीचा क्रमांक. समजा १/१५१६०/१५१६० असं लिहिलं आहे. शेवटचे दोन आकडे सारखे, म्हणजे ज्या कागदामुळे नस्ती उघडली तोच हा. प्रकरणाचं तोंड इथे आहे. दोन आकडे वेगळे असतील तर हा नंतर येऊन जोडलेला कागद. मग शेवटचा आकडा घेऊन मागे जा आणि पहिला कागद गाठा. ही एक युक्ती मला आधी कोणी सांगितली असती तर कितीतरी दिवस वाचले असते.

पेट्यांवरची अक्षरंही बोलतात. 'आर'ने सुरू होणारी पेटी म्हणजे नोंदणी शाखेची. 'एस'ची पेटी म्हणजे एखाद्या विभागाने स्वतःकडेच ठेवलेले कागद. एस पेट्यांत नीटनेटकेपणा कमी, पण अधिकाऱ्यांची खाजगी वळणाची पत्रं, अर्धवट टिपणं, खोडलेले मसुदे तिथेच हाती लागतात.

छापून किंवा चक्रमुद्रित करून वाटलेल्या दस्तऐवजांचे क्रमांक मात्र वेगळ्या जातीचे. त्यात 'ए' म्हणजे असेंब्लीला (सगळ्या सदस्य राष्ट्रांच्या सभेला) वाटलेला, 'सी' म्हणजे कौन्सिलला, 'एम' म्हणजे सदस्य राष्ट्रांना. मग वर्ष, आणि शेवटी रोमन आकडा, जो विषय सांगतो: तीन आरोग्य, सहा मँडेट, सात राजकीय, नऊ निःशस्त्रीकरण, अकरा अफू. या क्रमांकात 'सी' आहे पण 'एम' नाही असं दिसलं तर कान टवकारा. कागद कौन्सिलपुरता होता, सगळ्या सदस्यांना वाटला नव्हता.

पायरी ५: नस्ती पत्रापासून वाचू नका, शेऱ्यांपासून वाचा

नस्ती उघडली की बहुतेक जण थेट पत्राकडे जातात. आधी टिपणीचा कागद पाहा. तिथे कोणाकडे नस्ती गेली, कधी गेली, आणि त्याने काय शेरा मारला हे असतं. दोन ओळींचा शेरा दहा पानांच्या पत्रापेक्षा जास्त सांगून जातो, कारण पत्र बाहेरच्या जगासाठी लिहिलेलं असतं आणि शेरा शेजारच्या खोलीसाठी.

सह्या आद्याक्षरांच्या असतात, त्यामुळे सुरुवातीला एक छोटी यादी करून समोर ठेवा. महासचिव ड्रमंड. उपमहासचिव जाँ मोने, जे पुढे युरोपच्या एकत्रीकरणासाठी ओळखले गेले. राजकीय विभागाचे पॉल मांतू, हे पॅरिसला चार बड्यांच्या (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या प्रमुखांच्या) बैठकीत दुभाषे होते. मँडेट विभागाचे विल्यम रापार, अल्पसंख्याक विभागाचे एरिक कोलबान, आरोग्याचे लुडविक राइखमन, सामाजिक विभागाच्या रेचल क्राउडी, आणि अवर महासचिव जपानचे इनाझो नितोबे. एवढी आद्याक्षरं ओळखता आली की पहिल्या दशकातल्या बऱ्याच नस्त्या बोलायला लागतात.

फ्रेंच येत नसेल तर घाबरू नका, पण टाळूही नका. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही कामकाजाच्या भाषा होत्या. शेरे बरेचसे इंग्रजीत, पण फ्रेंच अधिकारी फ्रेंचमध्येच लिहायचा. शब्दकोश शेजारी ठेवला तर दोन महिन्यांत कचेरीची फ्रेंच वाचता येते. ती ठरावीक वाक्यांचीच असते, आपल्या 'सविनय सादर'सारखी.

पायरी ६: एका रात्रीवर सराव करा

सरावासाठी ११ एप्रिल १९१९ची रात्र घ्या. पॅरिसच्या क्रियों हॉटेलात करारनाम्याच्या आयोगाची शेवटची बैठक होती, अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन. जपानचे बॅरन माकिनो यांनी मागणी केली की प्रस्तावनेत राष्ट्रांच्या समानतेचं आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक देण्याचं तत्त्व घाला. वंशाचा आधीच्या प्रस्तावातला शब्द त्यांनी या वेळी काढूनच टाकला होता. ब्रिटनच्या वतीने लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी नकार दिला. मतदान झालं. हजर १७ जणांपैकी ११ जण बाजूने. विल्सन म्हणाले, एकमत नाही, म्हणून प्रस्ताव मंजूर नाही.

आता दप्तरवाल्याच्या नजरेने बघा. हा ११चा आकडा आपल्यापर्यंत पोचला कसा? निकाल विरोधात गेल्यावर माकिनो यांनी वाद वाढवला नाही, फक्त मतांची संख्या इतिवृत्तात नोंदवावी एवढं मागितलं. हरलेल्या माणसाने पुढच्या काळासाठी कागद तयार करून ठेवला. राजनयात इतिवृत्त हे नुसतं झालेल्या गोष्टीचं टिपण नसतं, त्यात काय जावं यावरही झगडा असतो.

ही बैठक तीन ठिकाणी वाचा: मिलरच्या खंडातलं इंग्रजी इतिवृत्त, तिथलंच फ्रेंच इतिवृत्त, आणि २८ एप्रिलच्या जाहीर बैठकीतलं माकिनो यांचं भाषण. जिथे मजकूर जुळत नाही तिथे खूण करा. मग स्वतःला विचारा, भारत या खोलीत होता का? नव्हता. आयोगावर ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने सेसिल आणि दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स होते. एडविन माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह हे भारताचे प्रतिनिधी पॅरिसमध्येच होते, पण त्यांचं म्हणणं या इतिवृत्तात शोधू नका. ते ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळाच्या बैठकांत आहे, म्हणजे लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मंत्रिमंडळाच्या कागदांत. पुन्हा तोच प्रश्न: दप्तर कोणाचं?

पायरी ७: भारताचे कागद तीन गावांत

राष्ट्रसंघात भारताचं स्थान विचित्र होतं. स्वराज्य नाही, पण संस्थापक सदस्य. करारनाम्यात नव्या सदस्यासाठी स्वयंशासित असण्याची अट आहे, पण भारत अर्ज करून आलाच नाही. व्हर्सायच्या तहावर सही केली म्हणून परिशिष्टातल्या मूळ सदस्यांच्या यादीत आपोआप बसला. म्हणून जिनिव्हात 'भारताचा प्रवेश' अशी नस्ती शोधत बसू नका. प्रवेशाचे सोपस्कार नंतर आलेल्या देशांचे झाले.

असेंब्लीला कोण जाणार, तिथे काय बोलणार, हे लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यात, आणि दिल्ली-सिमल्यात ठरायचं. १९२०च्या पहिल्या असेंब्लीला सर विल्यम मेयर, नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह आणि सर अली इमाम गेले. पुढच्या वर्षी पुण्याच्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री. त्यांची भाषणं जिनिव्हाच्या छापील कामकाजात आहेत. पण भाषण लिहिण्याआधी त्यांना काय सूचना होत्या, हे इंडिया ऑफिसच्या कागदांत बघा. ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भारत सरकारची बाजू नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि त्यातलं बरंच 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर फुकट दिसतं.

तिसरं गाव मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्याचं अभिलेखागार राष्ट्रसंघासाठी कोणी उघडत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. स्त्रिया-मुलांचा व्यापार, अफू, बंदरातले साथीचे रोग यांवर जिनिव्हाहून आलेली प्रश्नावली दिल्लीमार्गे प्रांतांकडे यायची, आणि उत्तर तयार करायचा तो प्रांतातला अधिकारी. जिनिव्हात छापलेल्या अहवालातली भारताबद्दलची एक ओळ मागे मागे नेली तर ती अशाच एखाद्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या टिपणीपाशी जाऊन पोचते. मागच्या काळाच्या अभ्यासात याहून जास्त मजा मला तरी कशात आली नाही.

पायरी ८: नोंद ठेवा, आजच

कागद वाचताना लगेच चार गोष्टी लिहा: कोणती संस्था, पेटी आणि नस्तीचा पूर्ण क्रमांक, कागदाची तारीख, कोणी कोणाला लिहिलं. स्क्रीनवरून चित्र उतरवून घेतलं तर फाइलचं नाव तोच क्रमांक ठेवा. पानाचा दुवा जपू नका असं नाही, पण दुवे बदलतात, पेटीचा क्रमांक बदलत नाही. टिपणीवरची तारीख आणि पत्रावरची तारीख वेगळी असते, दोन्ही लिहा. मधले दिवस म्हणजे नस्ती कोणाच्या तरी टेबलावर पडून होती ते दिवस.

१९४०नंतरचे कागद विरळ वाटतील. त्याला कारण आहे. युद्धात आर्थिक विभाग अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला गेला, अफूचं काम वॉशिंग्टनला, खजिना लंडनला. जिनिव्हात हंगामी महासचिव शॉन लेस्टर मोजक्या माणसांनिशी राहिले. त्या वर्षांतला पत्रव्यवहार शोधताना या गावांची नावंही सोबत ठेवा.

प्रत्यक्ष जायचंच असेल तर

डिजिटल प्रती आल्यापासून बहुतेकांना जिनिव्हाला जायची गरज उरलेली नाही. गेलात तर आधी वाचनकक्षाला लिहून वेळ ठरवा, कोणत्या पेट्या हव्यात ते क्रमांकासह कळवा आणि पासपोर्ट विसरू नका, त्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत. कार्बन प्रतींचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ असतो, एका वेळी एकच उलटा. आणि डबा घरून न्यायची सवय असेल तर ती तिथेही चालू ठेवा, जिनिव्हा महाग आहे.